तांबडीचं वासरू तोडताना

सिस्टर, मी आता गाई पाळते. हे तुम्हाला समोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझे हात उलटसुलट करून पाहिले असते आणि मग हसला असतात. तुमच्या त्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये शेणाची पाटी उचलायची पाळी आली की पोटात दुखतंय म्हणून आजाऱ्यांच्या खोलीत जाऊन पडणारी मी. तुम्ही झग्यावर गोणपाट बांधून, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून गोठ्यात उभ्या असायच्या आणि मला बोलवायला कुणाला पाठवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारायच्या, "काय बाय, पोट बरं आहे ना?" तुमच्या वसईकडचं ते 'बाय' ऐकलं की मला खोटं बोलणं जमायचंच नाही. आता मी साठी ओलांडली आहे, माझे केस तुमच्या तेव्हाच्या केसांपेक्षा पांढरे आहेत, आणि रोज सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मी कुरणात जाते. पोट दुखत असलं तरी जाते.

नेपरव्हिलला आम्ही तीस वर्षं राहिलो. हे सकाळच्या ट्रेनने शिकागोला ऑफिसात जायचे, मी शाळेच्या लायब्ररीत काम करायचे, मुलगी तिथेच वाढली आणि लग्न होऊन फ्रिस्कोला गेली. निवृत्त झाल्यावर ह्यांच्या डोक्यात जमीन घ्यायचं आलं. सफरचंदाची चार झाडं आणि एक बाक, एवढंच त्यांना हवं होतं. आम्हाला मिळालेली जमीन घरापासून दोन तास पश्चिमेला होती, सगळी उताराची, नांगर न लागलेली, नुसती गवताची. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी जमिनीबरोबर गाईही ठेवून घ्या म्हणून सांगितलं, कारण त्या कुठेतरी बाजारात पांगलेल्या त्यांना बघवणार नव्हत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मला तुमचा गोठा आठवत होता. नेपरव्हिल सोडून आम्ही इथेच राहायला आलो.

पण तुमच्या गोठ्यासारखं इथे काही नाही. इथे गाईला कुणी पिळत नाही. तुम्ही चार सडांपैकी एक सड वासरासाठी राखायच्या आणि आम्ही मुली कुरकुरायचो, की आमच्या चहात पाणी आणि वासराला निखळ दूध. इथे चारही सड वासराचेच. वसंतात गाय कुरणात विते, वासरू उन्हाळाभर तिच्या मागे फिरतं, पितं, हळूहळू गवताला तोंड लावतं, आणि थंडी यायच्या आत त्याला आईपासून तोडायचं. मग ते वाळक्या गवतावर वाढतं आणि पुढे विकलं जातं. मांसासाठी विकलं जातं, हे तुम्हाला सांगायला मला अवघड वाटत नाही. नेपरव्हिलच्या आमच्या मंडळात मात्र मी ते सरळ कधी सांगत नाही. मागच्या गणपतीत एकीने मला बाजूला घेऊन, "काकू, वास्तुशांतीला गोमूत्र मिळेल का हो, अगदी प्युअर?" म्हणून विचारलं. मी दिलंही. बाटली घेताना तिने दूध कुठे विकता असं विचारलं आणि मी प्रसादाच्या रांगेकडे बोट दाखवून विषय बदलला.

हे सगळं लिहायला कारण झाली तांबडी. तिची आई वितानाच गेली. मार्च महिना, बाहेर बर्फ, आणि ते लालसर ओलं पिल्लू ह्यांनी पोत्यात गुंडाळून घरात आणलं. कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरच्या उबेला, मी तिला बाटलीने वाढवली. मोठी झाल्यावरही ती इतर गाईंसारखी लांब राहिली नाही. मी कुरणात दिसले की चरणं सोडून यायची आणि कोटाच्या खिशात नाक घालायची. मागच्या वर्षी ती पहिल्यांदा व्याली, गोऱ्हा झाला, तोही तिच्यासारखाच तांबडा. तिला भरपूर दूध होतं. मी फ्रिस्कोला फोन करून सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "आई, सीरियसली, तू माझ्या डिलिव्हरीला पण इतके फोटो पाठवले नव्हतेस."

त्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही. जुलैतच कुरण पायाखाली करकर वाजायला लागलं. मोठ्या गाई सावरल्या, पण तांबडी स्वतःच अजून वाढीच्या वयाची होती, त्यात गोऱ्हा धष्टपुष्ट. जे खाईल ते दुधातून त्याच्या पोटात जात होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जनावरांची डॉक्टर आली, आमच्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने मला गाईचं अंग हाताने कसं ओळखायचं ते दाखवलं. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या सांध्यांवरून फिरवा, बरगड्या अशा लागल्या तर गाय खंगलेली. मूठ उघडून हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा, असं लागलं तर ठीक. मी तांबडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि सगळ्या बरगड्या मुठीच्या सांध्यांसारख्या मोजता येत होत्या. ती पुन्हा गाभण होती. डॉक्टर म्हणाली की गोऱ्ह्याला आता तोडा, बर्फ पडायच्या आत हिच्या अंगावर मांस चढू द्या. नाहीतर वसंतात हिला विताना जोर राहणार नाही आणि दूधही उतरणार नाही. तेवढं जमणार नसेल तर चालतीफिरती आहे तोवर आत्ताच बाजारात पाठवा, तेच दयेचं होईल.

आम्ही गाई घेतल्या तेव्हाच ठरवलं होतं, की कुरणाला झेपेल एवढंच जनावर ठेवायचं, लाडासाठी एकही नाही. ठरवताना मी जोरात मान डोलावली होती. आता ह्यांनी फक्त विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, तोडू. माझ्या मते त्यात काही अवघड नव्हतं. गोऱ्हा सहा महिन्यांचा झाला होता, चांगला गवत खात होता, दुधाची त्याला गरज नव्हती, सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबडी टाकीवर पाणी प्यायला गेली, तिची पाठ फिरली, तेवढ्यात मी बादलीत मक्याचा भरडा घेऊन गोऱ्ह्याला खुळखुळ वाजवत मागच्या कोठारात नेलं आणि दार लावलं. किती अलगद झालं, असं मला वाटलं. कुणालाच कळलं नाही.

सिस्टर, माझे वडील मला तुमच्याकडे सोडायला आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? तुमच्याकडे वर्षाला किती मुली यायच्या. त्यांची बँकेची बदली पुन्हा एका आडगावी झाली होती, आईला दिवस गेले होते, आणि मला बोर्डिंगात ठेवायचं ठरलं होतं. मला मात्र शाळा बघायला चाललोय एवढंच सांगितलं होतं. जेवणघरात मला ग्लुकोजची बिस्किटं दिली, आणखी दोन मुली बसवल्या, आणि मी चहात बिस्कीट बुडवत असताना वडील मागच्या दाराने निघाले. ते फाटकाबाहेर टांग्यात चढलेले असताना तुम्ही गोठ्यातून तशाच, शेणाच्या हातांनी गेलात आणि त्यांना खाली उतरवलंत. मी खिडकीतून पाहिलं, पण काय चाललंय ते कळलं नाही. माझे वडील कुणाचं ऐकणारे नव्हते. ते तुमच्या मागून मान खाली घालून आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "तोंडावर सांगून जा. रडू द्या तिला. न सांगता गेलात तर ती रोज दाराकडे बघत बसेल." वडिलांनी सांगितलं. त्यांना ते नीट जमलं नाही, चष्मा काढून पुसत राहिले. मी किंचाळले, त्यांच्या शर्टाची बाही ओढली, आणि ते माझ्याकडे बघत बघत मागे चालत फाटकापर्यंत गेले. त्या संध्याकाळी तुम्ही मला गोठ्यात नेऊन एका वासराचं दावं माझ्या हातात दिलंत. ते माझं वासरू, म्हणालात. ते माझं नव्हतंच, ते बोर्डिंगचं होतं, पण सुट्टीत घरी जाईपर्यंत मी कुणालाही त्या दाव्याला हात लावू दिला नाही.

हे सगळं मला कोठाराचं दार लावताना आठवलं नाही. त्या दुपारी तांबडी टाकीवरून परत आली आणि वासरू नाही असं बघून हंबरायला लागली. आधी साधं, बोलावल्यासारखं. मग उंच, फाटलेलं. कोठारातून गोऱ्हा ओरडत होता, पण आवाज कुठून येतोय ते तिला समजत नव्हतं. ती कुरणभर फिरत होती. जिथे तो शेवटचा उभा होता तिथे जाऊन जमीन हुंगायची, पुन्हा निघायची. हे म्हणाले की दोन-तीन दिवस चालतं, मग थांबतं, जुन्या मालकांनीही तसंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं नाही. मला बघून आली, खिशात नाक घातलं नाही, नुसती तोंडासमोर उभी राहून हंबरली. तिसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर होती आणि हे गावात गाईंना चाटायच्या मिठाच्या विटा आणायला गेले होते. मी कोठाराचं दार उघडलं.

गोऱ्हा धावत तिच्या पोटाखाली शिरला, कासेला अशा ढुशा मारल्या की ती जागच्या जागी हलली, आणि तिने पान्हा सोडला. सगळं कुरण एकदम शांत झालं. मी फाटकाला टेकून पावसात उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. हे परत आले, गाडीतूनच त्यांनी पाहिलं, उतरले, मिठाच्या विटा एकेक करून उतरवून ठेवल्या. मग म्हणाले, "तिच्यासाठी नाही उघडलंस तू. तुझ्या कानांसाठी उघडलंस." एवढं बोलून ते आत गेले आणि दोघांसाठी चहा टाकला. ते कधीच जास्त बोलत नाहीत, म्हणून जे बोलतात ते दिवसभर पुरतं.

चहा पिताना मला तुमची ती काळी गाय आठवली. तिचं वासरू मेलं होतं आणि ती दूध देईना. गड्याने सांगितलं की मेलेल्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करू, चाटत राहील आणि दूध देईल, सगळेच करतात. तुम्ही नाही म्हणालात. मदर सुपीरियरनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं, आम्ही दाराबाहेर ऐकत उभ्या होतो. एवढ्या मुलींच्या दुधाचं काय, असं त्या विचारत होत्या आणि तुम्ही, येस मदर, येस मदर, एवढंच म्हणत होतात. बाहेर येऊन मात्र पेंढा भरू दिला नाहीत. आम्ही कितीतरी दिवस कोरा चहा प्यायलो. मी तुमच्या मागे लागले होते, की खोटं वासरू दाखवलं असतं तर ती गप्प झाली असती ना? तुम्ही गव्हाण झाडत होतात. हात न थांबवता म्हणालात, "गप्प झाली असती, बाय. पण गप्प झाली म्हणजे बरी झाली असं नव्हे."

मग मला माझी बादली दिसली, सिस्टर. मक्याचा भरडा म्हणजे माझी बिस्किटंच की. आणि तांबडीची पाठ फिरलेली बघून मी मागच्या दाराने निघाले होते. आमच्याकडे सगळे असंच करतात. पोर झोपलं की निघा, खेळण्यात रमलं की निघा, उगाच रडवू नका. माझ्या आईनेही केलं, मीही मुलीला डे-केअरला असंच सोडत होते आणि ह्यालाच माया समजत होते. इथे आल्यावरही मी ती रीत बरोबर आणली आणि एका गाईवर वापरली.

पुन्हा तोडायचं ठरलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं की कोठारात नको. मधे एक तारेचं मजबूत कुंपण घालू, ती इकडे, तो तिकडे, दोघं एकमेकांना दिसतील, हुंगता येईल, पण पिता येणार नाही. डॉक्टरला विचारलं तर ती म्हणाली की पुष्कळ लोक तसंच करतात, वासरं कमी खंगतात. आपण आधीच का नाही विचारलं, असं हे पुटपुटले. ह्या वेळी तांबडी समोर असताना, तिच्या डोळ्यांदेखत, आम्ही गोऱ्ह्याला फाटकातून पलीकडे नेलं. ती पाहत होती. मी तिला मराठीत सांगितलंसुद्धा. काय सांगितलं ते लिहीत नाही, ह्यांनी ऐकलं आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

पहिल्यापेक्षा ते सोपं गेलं असं समजू नका. ओरडलं की दार उघडतं हे गोऱ्हा आता शिकला होता, त्यामुळे तो जास्त ओरडला. कुंपणाच्या कडेने तांबडीच्या पायांनी चिखलाची वाट पडली. मी घडीची खुर्ची घेऊन गेले आणि दिवसा तिथेच बसत होते, स्वेटर विणत, कधी तुमची संध्याकाळची प्रार्थना गुणगुणत, जिचे शब्द मी अर्धे विसरले आहे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांच्या तोंडाशी येईल असं, मी गवत टाकलं. आधी गोऱ्ह्याने खाल्लं. मग एका सकाळी त्याच्या तोंडाशेजारी तार सोडून तिचं तोंड होतं आणि दोघं चघळत होती. फोनवर मुलीने विचारलं, "सो, ते ओके आहेत का आता?" मी म्हटलं, ओके नाहीत, पण खातायत.

त्यानंतरचा सगळा हिवाळा तिच्या बरगड्यांवर गेला. इथे थंडी अशी असते की जनावर नुसतं उभं राहायला अर्धं खाणं जाळतं. मोठ्या गाई गवताच्या भेंडोळ्यापाशी तिला नुसत्या डोक्यानेच ढकलून द्यायच्या, म्हणून तिला आम्ही कालवडींबरोबर वेगळं ठेवलं. पहिल्या कापणीचं जाडंभरडं गवत मोठ्यांना, आणि दुसऱ्या कापणीचं मऊ, हिरव्या वासाचं, पानापानांचं तिला. मला तिला गूळ, भरडा, शिळ्या पोळ्या, सगळंच द्यावंसं वाटायचं. गाभणी लेक माहेरी आली की आपण कसं करतो. ह्यांनी मक्याच्या पिंपाला कुलूप लावलं. डॉक्टरनेही बजावलं होतं, की धान्य नको, एकदम नको, नाहीतर पोट बिघडेल, चरबी चढेल आणि विताना अडेल. पुरेसं चांगलं गवत आणि वेळ, बाकी काही नको. मुलगी हसून म्हणाली, "आई, ती काऊ आहे, तिचं डोहाळजेवण करू नकोस." मी केलं नाही. फक्त रोज सकाळी हातमोजा काढून तिच्या केसाळ अंगात बोटं घालायची आणि स्वतःच्या मुठीशी ताडून पाहायची. डिसेंबरात सांधे. जानेवारीत सांधे. फेब्रुवारीत एका दिवशी मला वाटलं की फरक आहे, मग वाटलं की केसच दाट झालेत. मी ह्यांना हात घालायला लावला. ते बराच वेळ हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "हं. जरा गुबगुबीत." पुण्याच्या माणसाच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पेढे वाटावे.

परवा ती व्याली. मे महिन्याच्या लख्ख उन्हात, उतारावर, जेवायच्या वेळेला. मी हातातला घास टाकून धावले, पण करायला काही उरलं नव्हतं. लहानशी कालवड, आईच्याच रंगाची, कपाळावर पांढरा डाग. तांबडी उठून तिला चाटत होती आणि ती पुन्हा पुन्हा पुढच्या गुडघ्यांवर पडत कास शोधत होती. मी मधे गेले नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिले, तुम्ही उभ्या राहायच्या तशी. तिला सड सापडला आणि तोंडाच्या कडेने पिवळा चीक गळायला लागला, इतका होता. हे मागून येऊन म्हणाले, थोडा काढला असता तर खरवस झाला असता. मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. ते हसले.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या मातीवर आता कुणी फूल ठेवत असेल की नाही ते मला माहीत नाही. तरी तुम्हाला सगळंच सांगावं म्हणून एक राहिलेलं सांगते. मार्चमध्ये गोऱ्ह्याला न्यायला ट्रेलर आला होता. तो हिवाळाभर सुरेख वाढला होता, खरेदीदाराने त्याच्या पाठीवरून हात फिरवून हुंकार दिला. तांबडी कुंपणापाशी येऊन उभी होती, शांत, बघत. ह्यांनी मला हाक मारली, अगं, येतेस ना? मी ओटीपी यायचाय, फोन चार्जिंगला आहे, असलं काहीतरी आतूनच ओरडले. मग फ्रीजमधून नारळ काढला आणि मिक्सर लावला. चटणी कधीच झाली होती. ट्रेलर रस्त्याला लागून वळेपर्यंत मी तो बंद केला नाही.